भिंतीपलीकडच्या चकत्या

माझ्या सासूबाईंना अख्खी बिल्डिंग 'अगंबाई' म्हणते. भांडं पडलं, अगंबाई. फोन वाजला, अगंबाई. वाजता वाजता थांबला, तर त्याहून मोठं अगंबाई. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ही बाई जन्माला आली तीच जीव मुठीत धरून. मग कळलं की त्यांची सगळी नोकरी बाटल्यांच्या कारखान्यात गेली. पट्ट्यावरून येणारी बाटली दिव्यासमोर धरायची आणि तडा शोधायचा, दिवसभर. बाटली चांगली आहे हे त्यांना कधी बघायचंच नव्हतं. तिथे घाबरण्याचा पगार मिळायचा, निवृत्त झाल्यावर त्या फुकट घाबरू लागल्या.

सासऱ्यांना झटका येऊन त्यांचा डावा पाय लुळा पडला, आणि त्याच सुमारास आम्ही नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. बाबा भारी अंगाचे आणि त्याहून भारी मानाचे. "आंघोळ माझी मी करणार, कुणी आत यायचं नाही," हे त्यांनी हॉस्पिटलातून निघतानाच जाहीर केलं होतं. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, आता हे पडले तर पुन्हा उभे राहतील असं धरून चालू नका. म्हणून बाथरूममध्ये स्टुलाच्या बाजूला, धरून उठण्यासाठी स्टीलची दांडी बसवायचं ठरलं.

फिटरने टाइलवर टकटक केलं. "दगड आहे, वहिनी." ड्रिल टाइलमधून किरकिरत गेलं आणि मग एकदम सुळकन आत शिरलं. खाली पांढरी भुकटी पडली.

"लाल का नाही पडत?" आईंनी विचारलं. जुन्या घरी विटांची लाल भुकटी पडायची.

"हल्ली सगळीकडे हेच हलके ब्लॉक, आजी. लाल विसरा." त्याने नेहमीचे लोखंडी फास्नर घातले, म्हणजे आवळले की भोकात फुगून बसणारे. मग स्वतः दांडीला लोंबकळून दाखवलं. "हत्ती बांधा!"

"आज धरलं. पण रोज ओढल्यावर?" आईंची शंका.

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस," बाबा म्हणाले. सगळे हसले, आणि सगळ्यात मोठ्याने मी.

बाबांची आंघोळ सुरळीत सुरू झाली. अंग पुसून, दांडी धरून उभं राहायचं आणि गळ्याला भरपूर पावडर फासायची, हा त्यांचा थाट. त्यामुळे दांडीखालचा कोपरा रोज पांढरा व्हायचा. आई रोज पुसायच्या आणि रोज बोलायच्या. "अहो, अंगाला लावता की लादीला?" बाबा म्हणायचे, मी सांडत नाही. त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? पन्नाशीपासून शर्टावर चहा सांडणारा माणूस.

त्या सकाळी बाबा आंघोळीला गेले होते आणि मी बाजाराची पिशवी काढत होते. आई म्हणाल्या, "त्यांची पावडर आण गं. परवापासून डबा रिकामा आहे, कुरकुर चाललीय."

"बरं," मी म्हटलं आणि चपला घातल्या.

वळून बघितलं तर आई मधेच उभ्या, हातातला पुसायचा कपडा नाकाशी नेलेला. त्यांनी तो दोन बोटांत चोळला. अगंबाई म्हणाल्या नाहीत. मला तिथेच धडकी भरली.

"आज सकाळी पुसलं तेव्हाही पांढरं होतं," त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी दाराकडे धावलो. आत नळ सुरू होता. आईंनी दोन्ही हातांनी दार बडवलं. "अहो! दांडीला हात लावू नका!"

नळ बंद झाला. "काय आग लागलीय?"

"दांडीला हात लावू नका!"

"लावलाय. उठतोय मी."

आणि आतून एक आवाज आला. कर्र. मोठा नव्हता. जुनं कपाट उघडताना येतो तेवढाच. दार तोडावं तर ते त्यांच्याच अंगावर जाणार, न तोडावं तर आत माणूस एकटा, ओल्या लादीवर, एका पायावर. मला रडूच फुटलं. आईंचा आवाज मात्र अगदी खाली आला, झोपलेल्या मुलाशी बोलावं तसा.

"अहो, ऐका. ओढू नका. उजवा हात भिंतीला टेकवा. स्टूल मागेच आहे. हळू बसा. बसलात?"

आत नुसतं पाणी ठिबकत होतं.

"बसलात का?"

मग स्टुलाचा पाय घासला.

"आता लादीवर बसा, आणि दाराकडे सरकत या. कुणी बघत नाहीये. मीच आहे."

ओलं अंग लादीवर घासत येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. आई एकसारख्या बोलत होत्या. शेवटी कडी सरकली. त्या पंचा घेऊन आत शिरल्या आणि दार लोटून घेतलं. मी बाहेरच थांबले. तेवढं मला कळतं.

नंतर मी दांडीला नुसता हात लावला आणि ती फास्नरसकट माझ्या हातात आली. भोकात बोट घातलं तर आतला ब्लॉक खडूसारखा भुरभुर गळला. फास्नर फुगून आतून ब्लॉक चुरडत होता, आणि बाबांच्या प्रत्येक उठण्याला भोक थोडं मोठं होत होतं. वरची टाइल मात्र अजून दगडासारखीच वाजत होती.

दुपारी आई मला घेऊन हार्डवेअरच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने काउंटरवर सामान मांडलं. हे लांब नायलॉनचे फास्नर, हलक्या ब्लॉकसाठीच बनवलेले.

"माणूस लटकला तर?" आईंनी विचारलं.

"आरसा, फळी, एवढ्यासाठी ठीक. माणसाची जबाबदारी मी नाही घेणार."

मग त्याने भोकात भरायचा मसाला दाखवला. आत घट्ट होतो, मजबूत असतो, पण भोकातली भुकटी पूर्ण साफ हवी.

"साफ झाली की नाही, बाहेरून कळतं?"

"नाही, काकू."

"मग नको."

तो वैतागला. म्हणाला, मग राहिला एकच उपाय. भिंतीला आरपार भोक पाडा, आट्यांचा लांब गज घाला आणि पलीकडून मोठी लोखंडी चकती लावून नट आवळा. फक्त पलीकडच्या खोलीत ते दिसत राहतं, लोकांना आवडत नाही.

"दिसतं ना?" आई म्हणाल्या. "तेच द्या."

पलीकडे त्यांचीच झोपायची खोली. पलंगाशेजारी भिंतीवर आता चार काळ्या चकत्या आहेत. माझा नवरा म्हणाला, किती भयानक दिसतंय. आई म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या कमरेपेक्षा भिंत देखणी नकोय मला."

ही दांडी हलत नाही. फिटरने सांगितलं, दुकानदाराने सांगितलं, मी स्वतः ओढून पाहिली. तरी रोज सकाळी बाबा आत गेले की आई हातातलं काम टाकून त्या खोलीत जातात, चकत्यांवर दोन्ही तळवे दाबून उभ्या राहतात. बाबा उठताना गजातून बारीकशी थरथर येते म्हणे. मी एकदा म्हटलं, "आई, नट धरून ठेवतो ना, तुम्ही कशाला?" त्यांनी तळवे आणखी घट्ट दाबले. बाबांना हे ठाऊक नाही, असं आम्ही समजत होतो.

परवा मी चादर बदलायला त्या खोलीत गेले होते. आई भिंतीला टेकून उभ्या होत्या. पलीकडे नळ बंद झाला. मग भिंतीतून बाबांचा आवाज आला, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेला, बारीक.

"धरलंयस ना गं?"

"धरलंय," आई म्हणाल्या. "उठा."