एका माळेचा ट्रान्सफॉर्मर

ठाण्याच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याची अट सरळ होती: मोटारीतले रेडिओ तपासायला बारा व्होल्टचा, कमी-जास्त करता येणारा सप्लाय स्वतः बनवून आण, मग कामावर ये. घरी मिळवते वडील एकटेच होते. मला ती जागा हवी होती.

सामान असं जमवलं: कल्याणच्या छावणीच्या भंगारातला ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणाऱ्या सेलेनियमच्या चकत्या, बटण फिरवून विजेचा दाब बदलणारा रिओस्टॅट. ट्रान्सफॉर्मरचं घरची वीज घेणारं वेटोळं शाबूत, दुसरं जळलेलं. ते काढून मी जाड तार गुंडाळायला बसलो. बारा व्होल्टला हिशेबाने शंभर वेढे हवे होते. मोजायला आईला बसवलं. तिने जपमाळ घेतली. वेढ्याला एक मणी.

"झाली माळ. शंभर," ती म्हणाली.

वर लाखेचा थर दिला, वाळवला, नव्या वेटोळ्याला मीटर लावला, जुन्याला वीज जोडली. दोन वेटोळ्यांमध्ये कागद. तारेला तार कुठेच लागत नव्हती. तरी काटा हलला. मुक्या लोखंडातून वीज पलीकडे गेली होती. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण डोळ्यांनी पाहताना मी श्वास घ्यायचा विसरलो.

काटा मात्र तेरावर थांबला.

"आई, शंभरच ना?"

"माळ म्हणजे शंभरच. मणी असतात एकशे आठ. वरचे आठ धरायचे नसतात रे, जप करताना मन भरकटतं ना, त्याचे ते."

वडील पेपरामागून म्हणाले, "वाहवा. विजेलाही पुण्य लागलं."

लाख चढलेली तार आता सुटणार नव्हती आणि दुसरी आणायला पैसे नव्हते. तसाच घेऊन ठाण्याला गेलो.

मालकाने मीटर लावला. "तेरा? मी बारा सांगितले होते."

त्याने मोटारीचा दिवा जोडला. भार पडताच काटा खाली सरकला आणि बारावर स्थिर झाला.

"भार आला की दाब उतरतो, हे धरून जास्त वेढे घेतलेस?"

"नाही. आईने माळेवर मोजले."

त्याने पुन्हा काट्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "बटण फिरव."

फिरवलं. दिव्यातली तार आधी लाल झाली, मग पिवळी, मग पांढरी. उलट फिरवलं, उजेड तसाच पायरीपायरीने उतरला. इतकी मोठी गोष्ट दोन बोटांत होती. मी पुन्हा फिरवलं.

"पुरे," मालक म्हणाला आणि टेबलाचा अर्धा भाग रिकामा करू लागला. "तिथे ठेव. तो रेडिओ आधी घे."