खिडकीची तालीम

शिक्षणाने माणूस निर्भय होतो, असं आमच्या कॉलेजच्या दर्शनी भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याच भिंतीत प्रवेशाची खिडकी आहे. ती इतकी खाली आणि इतकी लहान आहे की आतल्याशी बोलायचं तर कमरेत वाकावं लागतं. आत बरीच वर्षं हेडक्लार्क म्हणून मी बसतो. निर्भय माणूस वाकल्यावर कसा दिसतो, हे मला रोज जवळून पाहायला मिळतं.

साळवेबाई वाकल्या नाहीत. पहिल्या दिवशी मला दिसली ती फक्त करड्या रंगाची सुती साडी, आणि तिच्या दोन्ही बाजूंना खिडकीच्या नेमक्या उंचीची पाच-सहा पोरं.

"प्रवेश कुणाला?" मी विचारलं.

"यांना," वरून आवाज आला.

"ही तर सातवीतली दिसतात."

"सातवीतलीच आहेत. अजून वेळ आहे, पण सवय असावी. विचार गं."

एका मुलीने गजांना नाक लावलं. "सर, अकरावीच्या प्रवेशाला कुठले कागद लागत्यात?"

"उद्या या."

"का?"

या खिडकीवर हा शब्द फारसा कुणी वापरत नाही. "साहेब नाहीत," मी म्हणालो.

"कागद साहेब सांगत्यात का तुमी?"

मी जेवणाची सुट्टी जाहीर करून खिडकी लावली. बाहेरून बाईंचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "बघितलंत? कॉलेजची सुरुवात इथून होते. इंग्रजी त्याच्यानंतर."

मला संशय आला. आमच्या पाथर्डी तालुक्यात निवृत्त माणूस फुकट शिकवायला लागला की एकतर निवडणूक जवळ आलेली असते, किंवा अकॅडमीचा बोर्ड रंगायला गेलेला असतो. बाई मूळच्या सोनईकडच्या; झेडपीच्या शाळेतून निवृत्त होऊन आमच्या गावात भाड्याने राहिल्या होत्या. परक्या गावात, ना नात्याच्या ना गोत्याच्या. आता पेपरात फोटो येईल म्हणून मी वाट पाहिली. तो आला नाही, तेव्हा संशय वाढला. एका रविवारी मी सहज गेल्यासारखा त्यांच्या ओसरीपाशी गेलो.

आत अपूर्णांक चालले होते. सगळ्या पोरांनी एका सुरात "समजलं, बाई" म्हटलं.

"समजलं म्हणणाऱ्यावर माझा विश्वास नाही," बाई म्हणाल्या. "हो म्हणणं ही पळवाट आहे. कसं समजलं, ते शेजारच्याला सांगा. त्याला कळलं तर तुम्हाला कळलं." मग तासभर कुजबूज, भांडणं, पाटीवरची खोडाखोड. बाई मध्येमध्ये फक्त विचारत, "कशावरून?" उत्तर बरोबर आलं तरी विचारत. पोरं उत्तर बरोबर आलं म्हणून निर्धास्त होत नसत. उलट जास्त सावध होत.

अपूर्णांक संपले आणि टीव्हीच्या खोक्याला भोक पाडून केलेली एक खिडकी पुढे आली. तिच्यामागे एक पोरगा बसला. त्याने चष्मा कपाळावर चढवला, तोंडात सुपारी असल्यासारखा गाल फुगवला आणि म्हणाला, "उद्या या."

माझा चष्मा तेव्हा कपाळावरच होता.

"बसा," बाई मला म्हणाल्या. "तुमचीच तालीम चाललीय."

गावालाही संशय होताच. बाई ख्रिस्ती, तेव्हा यात काहीतरी असणार, असं पारावर ठरलं होतं. एकाने तोंडावर विचारलं, "बाई, पोरांना बायबल तर न्हाई ना शिकवत?" बाई शांतपणे म्हणाल्या, "कधी शिकवू? यांचे अजून छेद समान होत नाहीत." त्याचं समाधान झालं नाही, पण त्याने स्वतःची दोन्ही पोरं पाठवली. लक्ष ठेवायला, असं तो सांगायचा.

गजांना नाक लावणारी ती मुलगी रेणुका. तिचे आईबाप दरवर्षी दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे जात. त्या वर्षी धाकट्या भावाला सांभाळायला रेणुकाला न्यायचं ठरलं. शाळा मध्येच सुटलेली मुलगी वैशाखात परत येते ती वर्गात नाही, लग्नाच्या बोलणीत येते, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. बाई मला म्हणाल्या, "चला माझ्याबरोबर. कॉलेज खरोखर असतं, याला पुरावा म्हणून."

रेणुकाचा बाप बबन दारात बैलगाडीचं सामान बांधत होता. त्याने आधी मलाच गाठलं. "सायेब, हिला तुमी कॉलेजात घेनार का?"

"तेव्हाचं तेव्हा बघू," मी म्हणालो. जिभेला वळणच ते.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुरावा फसला होता. मग त्यांनी सरळ सांगितलं, की मुलगी तेवढे महिने त्यांच्याकडे राहील.

बबनने दोरी खाली ठेवली. "का?"

"काय का?"

"परक्याची पोर फुकट का ठिवता? तुमचा काय फायदा?"

मला वाटलं, आता बाई दुखावतील. पण त्यांचा चेहरा फुलला. "शाब्बास! विचारलंच पाहिजे. कुणी फुकट देतंय म्हटलं की आधी विचारायचं." मग त्या उंबऱ्यावर बसल्या. "माझी एक विद्यार्थिनी होती, बबनराव. दहावीला चांगले मार्क. प्रवेशाला गेली, तर खिडकीवरचा म्हणाला, उद्या या. पुन्हा एसटीने गेली, पुन्हा उद्या. मग गेलीच नाही. तिला वाटलं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. तिच्या लग्नात मी अक्षता टाकल्या. गणित मी तिला सगळं शिकवलं होतं. का म्हणून विचारायला शिकवलं नव्हतं."

कुठल्या खिडकीवर, हे बबनने विचारलं नाही. मीही विचारलं नाही. समोर शेळी बांधलेली होती. मी तिच्याकडे पाहत राहिलो.

"आन् बाळाला कोन बघनार?" बबन म्हणाला.

आता रेणुका पुढे आली. "आजीला न्या की, आबा. पाचटाच्या कोपीत बसल्या जागी बघंल."

"तिला दिसतं का नीट?"

"मला तरी अंधारात दिसतं का? तुमी तर पहाटंच फडावर जाता."

बबन हसला नाही, पण मान हलवली. "संक्रांतीपर्यंत बघतो. रोज फोन करीन. काय शिकवलं, सांगायचं. खोटं निघालं तर येऊन घिऊन जाईन." बाईंनी अट लगेच मान्य केली. संशयी पालक त्यांना फार आवडत.

बबन खरोखर रोज फोन करायचा. बाईंच्या ओसरीवर संध्याकाळी रेणुकाचं बोलणं मी अनेकदा ऐकलं आहे.

"तर आबा, छेद समान करायचे."

पलीकडून काहीतरी आवाज.

"समजलं म्हनू नका. कसं समजलं, सांगा."

संक्रांत गेली, बबन आला नाही. ऊसतोड टोळीच्या मुकादमाचा मात्र बाईंना फोन आला. "बाई, ह्या बबनला तुमी काय शिकवलं? हा आता मलाच उलटं इचारतोय, का म्हनून!" बाई म्हणाल्या, "मी नाही हो. त्याच्या मुलीने."

रेणुका पुढच्या हंगामातही राहिली, आणि दहावीपर्यंत दरवर्षी. अकरावीच्या प्रवेशाला ती खिडकीशी आली तेव्हा चांगली उंच झाली होती. तरीही ती वाकली नाही. मलाच मान खाली घालून वर बघावं लागलं. मी 'उद्या या' म्हणायला तोंड उघडलं आणि कागद घेतले. बाहेरून बाई म्हणाल्या, "अरे, तालीम वायाच गेली."

या उन्हाळ्यात बाई वारल्या. घरमालकाने आठवड्यात ओसरीला कुलूप लावलं, आणि रविवारची पोरं चर्चच्या पायऱ्यांवर उन्हात बसू लागली. बारावीतली रेणुका त्यांना शिकवायची.

कॉलेजने शोकसभा घेतली. हार, समई, मोठा फोटो. बाई गेल्यावर पेपरवाला एकदाचा आला. अध्यक्ष ज्ञानगंगेपासून सुरू झाले आणि बऱ्याच वेळाने ओसरीपर्यंत पोचले. साळवेबाईंचा वर्ग ही या तालुक्याची मशाल असून ती विझू दिली जाणार नाही. वर्गासाठी संस्था स्वतःची एक खोली देत आहे, असं त्यांनी जाहीर केलं. टाळ्या झाल्या. शोकसभा असल्याचं आठवून त्या थांबल्या.

मागच्या रांगेत रेणुका उभी राहिली. "कधीपासून, सर?"

"लवकरच."

"लवकर म्हंजे कधी? उद्या रविवार हाय. पोरं येनार."

बबन तिच्या शेजारी बसला होता. तो मोठ्याने म्हणाला, "इचार, इचार."

अध्यक्षांनी रुमालाने घाम टिपला. खोली बंद असते, किल्ली कुणाकडे आहे ते पाहावं लागेल, संबंधितांशी बोलावं लागेल, रीतसर ठराव करावा लागेल, असं त्यांनी सांगितलं.

किल्ली माझ्या खिशात होती.