तात्यांची विडी

तुर्भ्याला रस्त्यात विडीचा वास आला, की मला तो दिवस आठवतो. माझी जुई चार महिन्यांची होती, न्यूमोनियामुळे ऑक्सिजनवर होती. डॉक्टर म्हणाले, "ती बरी होईल, पण फुप्फुसं नाजूक राहतील. घरात धूर नको."

मार्केटात जन्मभर गोण्या वाहिलेले माझे सासरे, तात्या, शेजारीच उभे होते. खिशातलं विडीचं बंडल त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकलं. उद्या नवं आणतील, असं मला वाटलं. त्यांनी कधीच आणलं नाही. तलफ आली की ते जुईला मांडीवर घेऊन बसायचे. तेव्हा मला ते नुसते लाड वाटायचे.

जुई आता बारा वर्षांची आहे. थंडीत तिला अजून श्वासाचा पंप लागतो. काल फुप्फुसांच्या तपासणीत तिने यंत्राच्या नळीत जोरात फुंकलं.

"यंदा बरंच सुधारलंय," डॉक्टर म्हणाले.

तात्या छाती फुगवून मला म्हणाले, "पोरीचा दम माझ्यावर गेलाय!"