लाल टेबलावरची यादी

हवालदार ज्ञानदेव शेडगे यांचे माझ्यावर जेवढे उपकार आहेत, तेवढे आईवडील सोडले तर दुसऱ्या कुणाचेच नाहीत. हे वाक्य त्यांच्यासमोर मला कधी म्हणता आलं नाही. म्हटलं असतं तर हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले असते, "ते ऱ्हाऊ द्या बाजूला, अन् ह्यो नट धरा." पाच आठवड्यांपूर्वी त्यांच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. मी वर्कशॉपच्या दारातच उभा होतो. दोन ओळींचं कार्ड... वडील गेले, दहावा अमुक दिवशी. मी ते वाचून सवयीनं शेजारच्या टेबलावर ठेवलं आणि लगेच उचललं. त्या टेबलावर असं काही ठेवायचं नसतं. का ठेवायचं नसतं, तेच आज सांगायचं आहे.

आमचं गाव जतच्या बाजूचं. वडील वर्षातले आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर असायचे. घरात पदवीचा कागद आणणारा मी पहिला. सांगलीत अभियांत्रिकी शिकून तो कागद घरी नेला, तेव्हा वडिलांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला आणि विचारलं, "मागनं कोराच हाय की रं?" पुढं दोन वर्षं नोकरी केली आणि मोठा दुष्काळ सरल्यावर माधवनगरच्या रस्त्याला एक पत्र्याची शेड घेऊन स्वतःचा धंदा काढला. तासगावकडं तेव्हा द्राक्षबागा वाढत होत्या. त्यांच्यावर औषध मारायला पायपंप लागायचे. एकानं पायानं दांडा दाबायचा, दुसऱ्यानं नळी धरून फवारायचं. बाहेरून येणारे पंप वेळेवर मिळत नसत. मी म्हटलं, आपण करू.

हवालदार सैन्यातल्या दुरुस्ती-कारखान्यात अठरा वर्षं काढून आले होते. गाव कोरेगाव तालुक्यात, पण घरी स्वस्थ बसवेना म्हणून सांगलीत काम शोधत होते. पहिल्या दिवशी त्यांनी शेड फिरून पाहिली, लेथ पाहिलं, भिंतीवरची हत्यारं पाहिली आणि विचारलं, "सायेब, मोडलेला माल कुठं ठेवताय?"

मी अभिमानानं सांगितलं, "अजून काही मोडलेलं नाही."

"मोडंल की. जागा करून ठिवू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुनं टेबल लाल तेलरंगानं रंगवलं आणि दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या मांडीला लागेल असं, ठेवलं. पलटणीत अशी पद्धत होती म्हणे. बिघडलेला भाग लपवायचा नाही, भंगारात टाकायचा नाही. लाल टेबलावर ठेवायचा आणि त्याला चिठ्ठी बांधायची. चिठ्ठीवर तीन गोष्टी. काय मोडलं, कशानं मोडलं, कुणामुळं मोडलं. तीनही उत्तरं पटेपर्यंत भाग उचलायचा नाही.

"हवालदार, गिऱ्हाइकाला दिसेल की!"

"दिसू द्या. आमच्याकडं मोठं सायेब तपासणीला आलं तरी टेबल हाललं न्हाई."

आणखी एक नियम त्यांनी मागाहून सांगितला. तिसऱ्या ओळीत गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं नाही. "गिऱ्हाईक हितं कामाला हाय व्हय? मग त्याचं नाव कसं लिवायचं?" मी हसलो. मला वाटलं, शिस्तीचा माणूस आहे, असेल एखादी सवय.

पहिले काही पंप चांगले गेले. मग पितळेची चणचण सुरू झाली. पंपाच्या पोटात एक झडप असते. छोटी गोळी गोल बैठकीवर बसते, दाब आला की उचलते, दाब गेला की परत बसते. ही बैठक आणि गोळी पितळेची असायची. हवालदार सुगीला म्हणून गावी गेलेले असताना मी त्या दोन्ही लोखंडाच्या केल्या. काम भराभर झालं. पंधरा दिवस पंप चालवून पाहिला, थेंब गळला नाही. ते परतले तोवर असे एकवीस पंप बागांवर पोचलेही होते.

त्यांनी झडप हातात घेऊन उलटीपालटी केली. "कशावर चालवून बघितला?"

"पाण्यावर."

"बागंवर काय पाणी मारत्यात व्हय?"

मोरचूद आणि चुना यांचं निळं मिश्रण मारतात, हे मलाही ठाऊक होतं. मी त्यांना सांगितलं की चुन्याचं प्रमाण बरोबर असेल तर मोरचूद लोखंडाला काही करत नाही, पुस्तकात तसं दिलं आहे. झडप परत ठेवून ते लेथकडं वळले. त्यांच्या अशा कामाला लागण्याचा मला तेव्हा राग येत असे.

ऑक्टोबरची छाटणी होऊन वेलींना घड दिसू लागले होते. अशा दिवसांत आभाळ आलं की केवडा नावाचा रोग येतो. औषध वेळेवर पडलं तर बाग राहते. चार दिवस चुकले तर वर्ष जातं. त्याच सुमारास सावळजचे दादू अण्णा एका सकाळी पंप सायकलला बांधून आले. साठीचे, अंगानं बारीक, डोक्याला मुंडासं. शेडमध्ये पाच-सहा बागायतदार नवे पंप बघत उभे होते.

"इंजनेर, ह्यो दाब धरंना. गोळी चिकटून बसलीया."

मी झडप काढली. बैठकीवर गंज चढला होता. आजूबाजूला माणसं होती, नवी गिऱ्हाइकं होती... मी मोठ्यानं म्हटलं, "अण्णा, चुना कमी पडला तुमचा. मिश्रण करायला मोजमाप लागतं. अंदाजानं करायला ती आमटी नव्हे."

सगळे हसले. मीही हसलो. अण्णांनी मुंडासं सारखं केलं.

"खुरपं बुडवून बघितलंय मी. तांबडं झालं न्हाई. तू बुडीवलंस का कवा, पोरा?"

मिश्रणात लोखंडाचं खुरपं बुडवायचं. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, असं समजायचं. ही तिथल्या प्रत्येक बागायतदाराची परीक्षा होती. मला ती माहीत नव्हती. अण्णा पंप तिथंच टाकून सायकल घेऊन गेले. हवालदारांनी झडप उचलून लाल टेबलावर ठेवली. माणसं गेल्यावर मी ती उचलून खणात टाकली.

हवालदारांनी खण उघडला नाही. दुकानातून मोरचूद आणि चुना आणला, बादली माझ्यापुढं ठेवली. "तुमच्या पुस्तकापरमानं करा. मोजून. मी हात लावनार न्हाई." मी तराजूवर तोलून मिश्रण केलं. खुरपं बुडवलं, तांबडं झालं नाही. नवीन पंपातून ते फिरवलं आणि, शेतकरी ठेवतो तसा, पंप न धुता ठेवून दिला. चौथ्या दिवशी दांडा दाबला. पाय खाली गेला आणि दाब आलाच नाही. गोळी चिकटली होती. बाकी भाग पितळेचे, मध्ये एवढंच लोखंड, आणि ते दिवसेंदिवस त्या औषधात ओलं, म्हणून गंजलं. पाण्यावर पंधरा दिवसांत जे दिसलं नाही, ते चार दिवसांत दिसलं.

त्या सकाळी आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, ज्याचा बिघडेल तो घेऊन येईल, आपण मुकाट्यानं बदलून देऊ. आपणहून सांगत सुटलो तर या धंद्यात माझं नाव संपलं. हवालदारांचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला.

"सायेब, एका तोफंचा भाग फुटला तर आमी त्या जातीच्या सगळ्या तोफा थांबवायचो. फुटलेली येक आन् फुटायच्या बाकीच्या, फरक काय त्यात? ह्या आभाळात तुमचं एकवीस पंप एकवीस बागंत हाईत. त्यो बिघाड घेऊन तुमच्याकडं येईल तवा बाग गेलेली आसंल."

मी पितळेसाठी बाहेर पडलो. भांड्याच्या दुकानातून जुन्या घागरींचे तुकडे आणून, ओतून, दोन दिवसांत एकवीस बैठका आणि गोळ्या केल्या. मोटारसायकलवर मागं हवालदार, त्यांच्या मांडीवर पिशवी. निघताना त्यांनी एकच अट घातली. "पाना माझा, तोंड तुमचं."

ते चार दिवस मी विसरणार नाही. वर आभाळ उतरलेलं, खाली चिखल. प्रत्येक बांधावर मला म्हणावं लागायचं, "मी केलेली झडप चुकीची आहे, बदलायला आलोय." एकानं चहा पाजला. एकानं ऐन फवारणीत पंप थांबवायला नकार दिला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याची गोळी चिकटली. एकानं शिव्या दिल्या, पंप बांधावरून खाली ढकलला. हवालदारांनी उतरून तो वर आणला, झडप बदलली आणि परत जागेवर ठेवला. एका शब्दानं त्यांनी मला सोडवलं नाही. एकवीस गिऱ्हाइकांच्या यादीत एकेका नावापुढं मी खूण करत गेलो. वीस झाले.

एकविसावे दादू अण्णा. त्यांचा पंप शेडमध्येच होता. तो दुरुस्त करून मी एसटीच्या टपावर चढवला, कंडक्टरला सावळजला उतरवायला सांगितलं आणि अण्णांच्या नावापुढं खूण केली. त्यांच्यासमोर जायची मला भीती वाटत होती. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांच्यासमोर उभा राहिलो, पण ज्यांना मी हसलो होतो त्यांच्यासमोर जाववेना.

"अण्णा काय म्हनलं?" हवालदारांनी विचारलं.

"बरं म्हणाले."

त्या रविवारी ते नेहमीसारखे गावी गेले नाहीत. सावळजला गेले. सोमवारी सकाळी आले तेव्हा टोपी खुंटीला अडकवली नाही, हातातच ठेवली. माझ्या टेबलावरून ती यादी घेतली, लाल टेबलावर ठेवली. तिला एक कोरी चिठ्ठी बांधली.

"पंप पोचलाच न्हाई. अण्णाची बाग बघून आलोय," ते म्हणाले. "चिठ्ठी तुमी भरा." आणि दारातून बाहेर पडून स्टँडच्या दिशेनं चालू लागले. मी हाक मारली. त्यांनी मागं पाहिलं नाही.

ते गेले तर उद्यापासून शेड कशी चालेल, हा विचार मला त्या क्षणी आला, हे कबूल केलं पाहिजे. दुसरा विचार, अण्णांच्या बागेचा, यायला रात्र झाली. पहाटे मी मोटारसायकल काढली.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी शेड उघडली तेव्हा हवालदार दारात उभे होते. टोपी खुंटीला अडकवून ते लाल टेबलापाशी गेले, चिठ्ठी वाचली. मी यादी उचलायला हात पुढं केला तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, बिराप्पा." तोवर ते मला साहेब म्हणत. त्या दिवसापासून नावानं हाक मारू लागले. यादी तिथंच राहिली. पुढं काच बसवून घेतली तिच्यावर, एवढंच. आता धंदा काढू पाहणारी शिकलेली मुलं माझ्याकडं येतात, काय केलंत म्हणून यश आलं असं विचारतात. मी त्यांना ते टेबल दाखवतो. काहींना कंटाळा येतो. एकानं मात्र परवा विचारलं, चिठ्ठीची तिसरी ओळ भरायला किती वेळ लागला? त्याचा धंदा चालेल असं मला वाटतं.

दहाव्याला गेलो तेव्हा हवालदारांच्या मुलानं त्यांची लष्करी पेटी उघडून एक पाकीट हातात दिलं. "तुमचं हाय जनू," तो म्हणाला. मी त्यांना पाठवलेलं एकुलतं एक पत्र. त्यांनी त्याला कधी उत्तर दिलं नव्हतं. ते आले, तेच उत्तर होतं. पत्र जसंच्या तसं देतो.

"ती. हवालदार यांस सा. न.

काल सावळजला जाऊन आलो. पंप कंडक्टरनं तिथं उतरवलाच नव्हता. तासगावच्या स्टँडवर पोत्यांमागं पडलेला सापडला. तो घेऊन पोचलो तेव्हा अण्णा दुसऱ्याचा पंप मोकळा व्हायची वाट बघत बांधावर बसले होते. वेलींच्या चार ओळी गेल्या आहेत. त्यांनी मला एक घड हातात धरायला लावला. मणी हातातच गळले.

मी माफी मागितली. म्हणाले, 'हितं कुनाला ऐकीवतोस, येलींना? चार मानसांत हासलास, चार मानसांत बोल.' मी हो म्हटलं. मग म्हणाले, 'आदी दांडा दाब.' दिवसभर मी दांडा दाबला, अण्णांनी फवारलं. दुपारी भाकरी दिली. तिसऱ्या प्रहरी माझा पाय उचलेना. दांडा फार उंच आहे, हवालदार. इतके पंप विकले, पण एकही मी स्वतः दिवसभर दाबून पाहिला नव्हता. चार बोटं खाली घ्यायला हवा.

आज तासगावच्या बाजारात अण्णांच्या शेजारी उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं की अण्णांचा चुना बरोबर होता, माझी झडप चुकीची होती. लोक हसले. अण्णा हसले नाहीत. सायकल काढताना म्हणाले, 'पुढच्या छाटणीला नवा पंप घिऊन ये. दांडा खाली करून.'

चिठ्ठी भरली आहे. काय मोडलं : सावळजच्या बागेच्या चार ओळी. कशानं : मी गेलो नाही, आणि गेलो असं सांगितलं, त्यानं. कुणामुळं : बिराप्पा.

यादी मी उचललेली नाही. चिठ्ठी बरोबर भरली आहे का, ते तुम्ही येऊन बघावं. तोवर ती टेबलावरच राहील.

आपला
बिराप्पा"