तुमचं पुण्याचं विमान

पुणे ते नागपूर विमानाला सव्वा तास लागतो. कोथरूडच्या माझ्या घरापासून लोहगावचा विमानतळ गाठायलाही साधारण तेवढाच वेळ जातो, गाडी अडकली तर जास्तच. हा विनोद मी ऑफिसात इतक्यांदा केलाय की आता कोणी हसत नाही. आईपुढे मात्र तो कारण म्हणून खपायचा. "अगं, विमानाचं काही नाही, लोहगावला पोचणंच अवघड."

आई नागपुरात एकटी राहते. घर विमानतळाच्या इतकं जवळ की उतरणारं विमान डोक्यावरून जाताना बोलणं थांबवावं लागतं. वेळेवरून आणि आवाजावरून तिला कुठलं विमान ते कळतं. फोनवर मध्येच म्हणायची, "थांब, तुमचं पुण्याचं येऊन राहिलं." ते "तुमचं" मला बरोबर लागायचं.

मागच्या वर्षी तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सकाळी शेजारच्या काकूंनी तिला दवाखान्यात न्यायचं, दुपारच्या विमानानं मी पोचायचं आणि पुढचे चार दिवस डोळ्यात थेंब घालायचे, असं ठरलं होतं. बॅग दाराशी होती. कॅब सोसायटीच्या फाटकाशी आली, आणि मला कंटाळा आला. दुसरं काही कारण असतं तर बरं झालं असतं. शनिवार होता, सगळा रस्ता डोळ्यांसमोर आला, आणि मी कॅब रद्द केली. मग आईला फोन लावला. "विमान रद्द झालं गं." काहीतरी रद्द झालं होतं, एवढाच त्यात खरेपणा.

"हो का? बरं," ती म्हणाली. "जेवून घे."

मी जेवलो आणि मस्त झोपलो. त्या झोपेची मला आजही लाज वाटते.

पुढच्या महिन्यात गेलो तेव्हा अंगणात काकूंबरोबर चहा पीत होतो. आई आत होती. वरून एक विमान गेलं तशा काकू म्हणाल्या, "त्या दिवशी दुपारी बी मी तिच्या डोळ्यात थेंब टाकून राहिली होती, अन् आवाज आला. म्हटलं, पुण्याचं आलं वाटते. तर तुझी आई म्हणे, नाही, हे हैदराबादचं होय."

त्या वेळी हैदराबादचं विमान नसतंच, हे काकूंना माहीत नव्हतं. आईला पक्कं माहीत होतं. डोळे मिटून पडल्या पडल्या तिनं माझं विमान ओळखलं होतं, आणि माझी लाज राखायला ती खोटं बोलली होती. आत जाऊन कबूल करून टाकावं असं फार वाटलं. पण माझी जीभच रेटली नाही.

परवा तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी चार तास आधी निघालो, लोहगावला जाऊन बसलो, आणि विमान खरोखर रद्द झालं. लगेच फोन लावला. "आई, या वेळी खरंच रद्द झालंय गं." बोलून गेलो आणि मग कळलं, काय बोललो ते. मी काउंटरवरच्या मुलीपुढे फोन धरला. "एवढं एकदा माझ्या आईला सांगता का?" तिनं बिचारीनं सगळं नीट सांगितलं.

फोन पुन्हा कानाला लावला.

"त्या पोरीला कशाला त्रास दिला?" आई म्हणाली. "मी कुठं काही विचारून राहिली? जेवून घे."