पाठ लांबवणारा घोडा

मायकेनने आयुष्यभर दोन कामं केली. पोटासाठी माणसांच्या कवळ्या बनवल्या आणि हौसेसाठी राक्षसांना माणसांत आणलं. पहिल्या कामामुळे उत्तरेकडच्या बर्फाळ निलसेले गावातले निम्मे म्हातारे तिला दुवा देत. दुसऱ्या कामाची गावाला फारशी कल्पना नव्हती, आणि ज्यांना होती ते साठीला आलेल्या बाईने असले पोरखेळ करावेत म्हणून नाक मुरडत. मायकेनला त्याचं काही वाटत नसे. नाक मुरडणाऱ्यांच्या कवळ्याही ती तितक्याच निगुतीने घासून द्यायची. ही हकिगत तिने केलेल्या शेवटच्या राक्षसाची आहे.

दर रविवारी दुपारी गावच्या सभागृहाच्या तळघरात चार जण एका टेबलाभोवती जमायचे. मायकेन सूत्रधार. जग ती सांगायची: डोंगर, सराया, दरोडेखोर, पाऊसपाणी सगळं. बाकीचे तिघं आपापलं पात्र घेऊन त्या जगात हिंडायचे. "मी दार उघडतो," असं कुणी म्हटलं की दार उघडलं. दाराला कुलूप असलं तर फासा टाकायचा. सिक्स्टेन हा निवृत्त पोस्टमन इतकी वर्षं एकाच शूर सरदाराचं पात्र चालवत होता आणि नियमांवरून वाद घालत होता. शाळेत स्वयंपाक करणारी गुनवोर लोककथेतली पोकळ पाठीची रानबाई व्हायची. तिसरा एवर्ट. बर्फावरच्या स्कूटर दुरुस्त करणारा हा गडी तरुणपणी शहरातून या खेळाची पहिली पेटी घेऊन आला होता. मायकेनला खेळ त्यानेच शिकवला. तिच्या नवऱ्याने घर सोडलं त्या हिवाळ्यात तिच्या दारातला बर्फ रोज कोण उपसून जातं हे तिने कधी विचारलं नाही, कारण तिला ठाऊक होतं.

रानबाई मायकेननेच घडवली होती. राक्षसाला खेळाडूच्या हाती देणं ही तिची खासियत, आणि त्यासाठी तिला दूरदूरच्या शहरांतून पत्रं यायची. लोकांना वाटतं, त्याच्या नखांना आणि ताकदीला आकडे लावले की झालं. काही होत नाही त्याने. नियमांच्या पुस्तकातला राक्षस बाहेर येतो, चावतो आणि मरतो. खेळाडूच्या हाती दिलेल्या राक्षसाला सरायीत चारचौघांत बसून सूप प्यावं लागतं, कंटाळावं लागतं, कुणाची तरी माफी मागावी लागते. कवळी दातांसारखी दिसून भागत नाही, तिने चावता आलं पाहिजे, असं मायकेन म्हणायची. या बाबतीत तिचा एकच नियम होता आणि त्यात ती कुणाचं ऐकत नसे. ज्याचं पात्र, त्याचा निर्णय. तलवार लागली की नाही हे फासा सांगेल. ती उपसायची की नाही हे फासा कधीच सांगणार नाही. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही ते पात्रच नव्हे, असं ती ठणकावून सांगायची.

एका वर्षी मार्च महिन्यात एवर्ट आपल्या नातीला, सिग्नेला, स्कूटरवर घेऊन गोठलेल्या तळ्यावर निघाला. शेजारची मोआ धावत आली आणि म्हणाली, माझ्यासाठी जागा आहे का? स्कूटर दोघांची. एवर्ट म्हणाला, बस, जागा काय, होतेच. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ पातळ असतो हे गावात शेंबड्या पोरालाही कळतं, एवर्टलाही कळत होतं, आणि तो लांबूनच वळणार होता. तिघांच्या वजनाने स्कूटर हवी तशी वळली नाही आणि बर्फ फुटला. सिग्नेला त्याने बाहेर ओढलं. मोआ दुसऱ्या दिवशी सापडली. पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली. मोआच्या आईवडिलांनी घर विकलं आणि ते दक्षिणेकडे निघून गेले. जाताना बापाने एवर्टचा हात हातात घेतला होता, हे सगळ्या गावाने पाहिलं.

एवर्ट टेबलावर यायचा थांबला. मायकेन वेलदोड्याचे बन घेऊन त्याच्या कारखान्यात जायची, तो कामातून मान वर करत नसे, आणि बन दुसऱ्या खेपेला तिथेच वाळलेले दिसायचे. तो असाच आतल्या आत संपून जाणार, ही भीती तिच्या मनात घर करून बसली. त्याला टेबलावर परत आणायचं, एवढंच तिला हवं होतं.

पुढच्या वर्षीच्या वसंतात, एका रविवारी तो आपण होऊन तळघराच्या जिन्यावरून खाली आला.

"बस की," गुनवोर म्हणाली. "तुझ्या खुर्चीवर सिक्स्टेनने कोट टाकलाय तेवढाच. सिक्स्टेन, उचल रे तुझं लक्तर."

"लक्तर काय, लोकरीचा आहे," सिक्स्टेन म्हणाला आणि त्याने कोट उचलला.

एवर्ट बसला. कॉफी ओतून झाली, तिकडच्या रिवाजाप्रमाणे चीजचे तुकडे कपात पडले. मग एवर्ट म्हणाला, "मला नवं पात्र हवंय. ओढ्यातला घोडा."

त्या घोड्याची गोष्ट तिथल्या प्रत्येकाने आजीकडून ऐकलेली. ओढ्याकाठी पांढरा देखणा घोडा उभा असतो. एक पोर पाठीवर बसतं, दुसरं बसतं. आणखी एखादं आलं की घोड्याची पाठ लांब होते, म्हणजे त्यालाही जागा होते. मग घोडा पोरांसकट खोल पाण्यात शिरतो.

"तो खेळाडूसाठी नाही," सिक्स्टेन घाईघाईने म्हणाला. "पुस्तकात स्पष्ट दिलंय."

"मी करते," मायकेन म्हणाली. "माझ्यावर सोड."

"एक अट आहे," एवर्ट म्हणाला. "पोर समोर आलं की फासा टाकायचा. मी काही ठरवणार नाही. फासा म्हणेल तसं."

"अरे, तसं कसं? तुझं पात्र..."

"घोडाच आहे तो, मायकेन. पोर येतं, पाठ लांब होते. तो काय करणार बिचारा?"

मायकेन तीन-चार आठवडे त्या घोड्याला घेऊन बसली. पाण्यापासून फार लांब गेला तर तो लंगडेल, हे ठरलं. त्याच्या मानेला हात लावणाऱ्याचा हात चिकटेल, हेही ठरलं. अडत होतं ते एकाच ठिकाणी. एका शनिवारी ती गुनवोरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

"अगं, मागतोय तर देऊन टाक ना फासा," बटाटे सोलता सोलता गुनवोर म्हणाली. "एक दिवस नियम गुंडाळून ठेवला तर आभाळ कोसळणार आहे का?"

"मग तो घोडा त्याचा राहणारच नाही. मी अर्धवट काम देत नाही कुणाला."

"तुझं काम जाऊ दे चुलीत. त्याला काय हवंय ते बघ."

"तेच तर बघतेय! त्याला एकदा 'नाही' म्हणू दे. आपल्या तोंडाने. त्या पोरीला एकदा परत पाठवू दे. छातीवरचा धोंडा उतरेल गं त्याच्या."

गुनवोर बटाटे सोलत राहिली. मायकेनचं एवर्टवर प्रेम होतं, हे आता सांगून टाकायला हरकत नाही. म्हातारपणी होतं तसलं, कुणाला न सांगितलेलं प्रेम. त्याचं भलं आपल्याला त्याच्यापेक्षा जास्त कळतं असं तिला मनापासून वाटलं, आणि माणूस तिथेच फसतो.

रविवारी तिने घोड्याचे नियम लिहिलेला कागद त्याच्यापुढे ठेवला. एवर्टने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"यात फासा नाही."

"नाही. तुझं पात्र, तुझा निर्णय."

"पोराला नाही म्हटलं, तर घोड्याला काय होतं?"

"भूक लागते. चिडचिड होते थोडी."

"मरत नाही?"

"नाही रे. मरतो कशाला?"

"नियमाला धरून आहे," सिक्स्टेन म्हणाला. त्याला तेवढंच दिसत होतं.

एवर्टने कागद टेबलावर सरळ केला. "बरं," तो म्हणाला. "चालू कर."

मायकेनने ओढा सांगितला. वसंतातलं फुगलेलं पाणी, काठावरची भूर्जाची झाडं. दोन पोरं घोड्याच्या पाठीवर बसून खिदळतायत. एवर्ट घोड्याच्या वतीने बोलत होता, थोडा अडखळत, पण बोलत होता. रानबाईने त्याच्या आयाळीची थट्टा केली, तेव्हा तो चक्क हसला. इतके दिवस मायकेन याच हसण्याची वाट बघत होती. मग तिने आवाज बारीक केला आणि म्हणाली, "झाडांमधून एक मुलगी धावत येते. म्हणते, माझ्यासाठी जागा आहे का?"

एवर्टचा हात टेबलावरच्या फाशांकडे गेला. मायकेनने फाशांवर आपला पंजा ठेवला.

"तूच सांग," ती हळूच म्हणाली.

त्याने तिच्या हाताकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याच्या ओठांचा रंग गेला होता.

"नाही," तो म्हणाला. "जागा नाही. घरी जा."

"ती रुसते," मायकेन म्हणाली. "तुला एक खडा मारते. आणि पाय आपटत घरी जाते."

गुनवोरने डोळ्यांना रुमाल लावला. सिक्स्टेनने एवर्टच्या पाठीवर थाप मारली आणि मग हात कुठे ठेवावा हे न कळून तो बन खाऊ लागला. मायकेनचा जीव भांड्यात पडला.

"बघ," ती म्हणाली. "म्हणता आलं की नाही?"

"आलं," एवर्ट म्हणाला. तो समोरच्या भिंतीकडे बघत होता. "एवढंच होतं?"

त्याने कोट चढवला, खुर्ची नीट आत सरकवली आणि तो जिना चढून गेला. पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोमवारी सकाळी मायकेन त्याच्या कारखान्यात गेली. दार उघडं होतं. एकही स्कूटर दुरुस्तीला नव्हती. तो रिकाम्या बाकावर बसला होता, दाढी वाढलेली, शर्ट मळलेला. ती त्याच्याशेजारी बसली.

"रविवारी वाट बघितली रे तुझी."

"वर्षभर मी स्वतःला एक सांगत होतो," एवर्ट म्हणाला. जणू ती मघापासून तिथेच होती. "पोर धावत आली, इंजिन चालू होतं, त्या जागी कुणीही 'बस'च म्हटलं असतं. ठरवायला काही नव्हतंच तिथे. मोआच्या बापालाही हेच सांगितलं. त्याने मानलं गं. हात धरला माझा."

"खरंच आहे ते. कुणीही म्हटलं असतं."

"नाही. पाच शब्द लागतात. तुझ्या टेबलावर मोजले मी."

"एवर्ट, खेळ होता तो."

"हो. खेळच होता."

बाहेर पन्हाळीतून वितळलेल्या बर्फाचं पाणी पडत होतं. मायकेनने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, पण धरलाही नाही.

"मी कागद बदलते," ती म्हणाली. तिला हुंदका आवरेना. "फासा घालते. तू म्हणशील तसा घोडा करते. ये तू रविवारी. काही खेळू नकोस, नुसता येऊन बस."

"आता?" एवर्ट म्हणाला. "आता डोळे मिटले की ती दिसते. पाय आपटत घरी जाताना दिसते. दारात पोचते, बूट काढते. आई ओरडते तिला, ओले मोजे बघून." त्याने मायकेनकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "आधी ती बुडताना दिसायची, मायकेन. ते मला सोसत होतं."