सावंतांच्या गाडीतला पाचवा

चार माणसं, एक जुनी गाडी आणि मुलुंड ते अंधेरी असा रोजचा दीड तास असला, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. शेंगांच्या फोलपटांसारखे ते आपोआप सीटखाली साठतात. मी फक्त अधूनमधून झाडू मारते.

गाडी सावंतांची. ते आमच्या ऑफिसात स्टोअर सांभाळतात आणि आम्हा सगळ्यांपेक्षा वयाने मोठे. मुलुंडला मी आणि केतन बसतो, कांजूरला गावठाणातली सिल्विया चढते, मग पवईवरून अंधेरी. गाडीतला रेडिओ कधीच मेला होता. म्हणून सावंतांच्या मुलीने त्यांना वाढदिवसाला स्पीकरफोन दिला. साबणाच्या वडीएवढी वस्तू, वायर नाही की काही नाही. ऊन अडवायला काचेवर जी फळी असते, तिला चिमट्याने अडकवायची. फोन खिशात आणि आवाज डोक्यावर!

सुरू केला की आतली बाई इंग्रजीत सांगते, फोन जोडला. पहिल्या दिवशी सावंत तिला "थँक यू" म्हणाले. आज दोन वर्षं झाली, रोज म्हणतात. दसऱ्याला गाडीला हार घातला आणि झेंडूचं एक फूल वेगळं काढून त्यांनी स्पीकरला वाहिलं. केतन हसला.

"हसतोस काय रे," सावंत म्हणाले. "हात न लावता माणूस येऊन बोलतो. देवघरात तरी याहून वेगळं काय होतं?"

 

*

स्पीकरवर खाजगी असं काही उरत नाही, हे आम्हाला सिल्वियाच्या आईने शिकवलं. गाणी लावायला सिल्वियाने आपला फोन जोडला होता. तेवढ्यात आईचा फोन आला आणि सगळ्या गाडीला ऐकू गेलं, की तो सावंत पुलावर गाडी फार पळवतो, तू मागेच बस.

सावंतांनी वेग कमी केला आणि वर बघून नम्रपणे म्हणाले, "आई, आता बघा, चाळीसवर आहे."

त्या दिवसापासून नियम झाला. फोन घेतला की आधी सांगायचं, 'गाडीत चौघं आहोत.' मग समोरच्याने काय बोलायचं ते बोलावं.

हा नियम पुढे केतनच्या मुळावर आला. एकदा पोट बिघडल्याचं कळवून त्याने रजा टाकली आणि पवईला दुसऱ्या कंपनीत इंटरव्ह्यू द्यायला आमच्याच गाडीतून निघाला. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर फाइल. तेवढ्यात साहेबांचा फोन. सावंत सवयीने म्हणाले, "साहेब, गाडीत चौघं आहोत."

"चौघं?" साहेब म्हणाले. "केतन तर आजारी आहे ना?"

केतनचं पोट तेव्हा खरोखरच बिघडलं असावं. सावंत आयुष्यात कधी साहेबांशी खोटं बोललेले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "चौथा स्पीकर आहे, साहेब."

साहेबांना ते पटलं. नोकरी मात्र केतनला मिळाली नाही, तो अजून आमच्यातच आहे.

*

सावंतांचं एक तत्त्व आहे. मोठ्या माणसाचा फोन आपण कापायचा नाही, त्यांनी ठेवेपर्यंत थांबायचं. मालवणकडे त्यांचं गाव आहे, तिथल्या आत्येचंही एक तत्त्व आहे: भाचा एवढ्या लांबून बोलतो, तर आपण कसा ठेवायचा? त्यामुळे दोघं "ठेव मगे", "तू ठेव" करत विक्रोळीपासून पवईपर्यंत आले. शेवटी आत्ये फोन तसाच ओट्यावर ठेवून कामाला लागली. पवईच्या सिग्नलला आमच्या गाडीत कोंबडा आरवला. बाजूच्या रिक्षावाल्याने वाकून मागची सीट तपासली.

मी हसले, पण अंगावर काटाही आला. कुठला कोंबडा, कुठली पवई!

*

मग दिवाळीनंतर सावंतांच्या वडिलांना, आप्पांना, झटका आला. हात सावरला, वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, बोलत राहा त्यांच्याशी, ऐकू सगळं येतंय. सावंत रोज विक्रोळी आली की गावी फोन लावायचे. त्यांच्या धाकट्या भावाची बायको तो आप्पांच्या उशाशी ठेवायची आणि गोठ्यात जायची.

आप्पांनी मुंबई धड पाहिलेली नव्हती. सावंत त्यांना रस्ताच सांगायचे. आता पूल इलो. आता सिग्नल लागलो. "मागचे हॉर्न मारूक लागले, की समजायचा आप्पा, सिग्नल सुटलो." पलीकडून काहीच नाही. आम्ही तिघं तेवढा वेळ श्वाससुद्धा जपून घ्यायचो. शेवटी "येतंय हां आप्पा" म्हणून सावंत गप्प व्हायचे आणि आमच्या गप्पा सुरू व्हायच्या.

सकाळी गाणी मात्र बंद झाली. संध्याकाळी वाजणारा स्पीकर सकाळी केतनचा फोन घ्यायचाच नाही. केतन चिडायचा. सावंत म्हणायचे, सकाळचं त्याला जमत नाही रे.

*

माघात गावची जत्रा. तिथे देवासमोर गाऱ्हाणं घालायचा मान सावंतांच्या घराण्याचा. एकाने देवाला सगळ्यांच्या वतीने साकडं घालायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. इतकी वर्षं आप्पा घालायचे. यंदा थोरल्या मुलावर आलं आणि सावंतांची झोप उडाली. हे कुठे लिहिलेलं नसतं, ऐकून ऐकून यायला लागतं, आणि आता विचारायचं कोणाला?

म्हणून सराव गाडीत. सावंत मानकरी आणि आम्ही तिघं गाव. सिल्विया सगळ्यात जोरात ओरडायची. मी तिला म्हटलं, तुझ्या चर्चला कळलं तर? ती म्हणाली, आम्ही आमेन म्हणतो ना, तेच हे.

सावंत दर वेळी एकाच जागी अडकायचे.

त्या दिवशीही पवईच्या सिग्नलला थांबलो होतो. सावंतांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत."

"व्हय म्हाराजा."

"जी मुंबैक आसत, वाटेर आसत, तेंका सुखरूप घराक पोचव."

"व्हय म्हाराजा."

"आणि..." सावंत थांबले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. "आणि..."

"चुकला..." वरून आवाज आला. जड, ओढत आणलेला, म्हाताऱ्या माणसाचा. "चुकला... माकला... पोटात घाल... म्हाराजा."

मी वर पाहिलं. स्पीकरचा निळा दिवा लागलेला होता. आप्पांचा फोन विक्रोळीपासून चालूच होता. मोठ्या माणसाचा फोन आपण कापायचा नाही. इतके महिने, रोज, ऑफिसच्या तळघरात नेटवर्क जाईपर्यंत, आमच्या गप्पा, भांडणं, केतनच्या शिव्या, सगळं त्या उशाशी जात होतं.

मग सिल्विया हळूच म्हणाली, "व्हय म्हाराजा." मागोमाग मी आणि केतन.

सावंतांचे हात स्टिअरिंगवर होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिग्नल हिरवा झाला. गाडी हलेना. मागून पवईभर हॉर्न सुरू झाले.

"सुटलो," आप्पा म्हणाले. "सिग्नल."